फेव्हिकॉल आणि टाकणखार: क्रॉसलिंकिंग घरच्या घरी करून बघा

पॉलिमर म्हणजे लांब साखळीसारखे रेणू. या सुट्या साखळ्या पुलांनी एकमेकींना जोडल्या जाऊन त्यांचं जाळं कसं होतं, म्हणजेच क्रॉसलिंकिंग, हे आकृतीत बघून डोक्यात शिरत नाही, हातात आलं की लगेच कळतं, म्हणून स्लाइम, म्हणजे लिबलिबीत ताणला जाणारा गोळा, करूनच बघा. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो पोटात जाता कामा नये, म्हणून लहान मुलांना एकटं सोडू नका, स्वयंपाकाची भांडी वापरू नका आणि नंतर हात साबणाने धुवा.

एका कपात 50 मिली पांढरा फेव्हिकॉल आणि तेवढंच पाणी ढवळून घ्या. दुसऱ्या कपभर कोमट पाण्यात एक छोटा चमचा टाकणखार पूर्ण विरघळवा.

आता खरी गंमत. टाकणखाराचं पाणी एकदम ओतायचं नाही, एकेक चमचा घालायचा आणि प्रत्येक वेळी नीट ढवळायचं. आधी काहीच होत नाही, मग धागे सुटायला लागतात, आणि मग अचानक सगळा गोळा चमच्याभोवती गुंडाळला जातो. आधी फेव्हिकॉलमधल्या पॉलिमरच्या साखळ्या शेवयांसारख्या एकमेकींवरून घसरत असतात. पाण्यात टाकणखारापासून बोरेट आयन (बोरॉन असलेला विद्युतभारित कण) तयार होतो, तो एका साखळीवरचे दोन ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) धरतो आणि दुसरीवरचेही दोन, झाला पूल. सरासरी प्रत्येक साखळीला असे एक-दोन पूल मिळाले तरी भांडंभर एकच जाळं होतं, म्हणूनच तो बदल इतका अचानक दिसतो, यालाच जेल पॉइंट म्हणतात. त्यानंतरही घालत राहिलात तर पूल वाढतात, गोळा कडक होतो आणि ताणला की तुटतो, त्यामुळे गोळा झाला की थांबा.

गोळा हळू ओढा, लांब होत जाईल. झटक्यात ओढा, तटकन तुटेल. हे पूल सतत सुटतात आणि पुन्हा जुळतात, हळू ओढलं तर त्यांना तेवढा वेळ मिळतो, झटक्यात मिळत नाही.

थोडं व्हिनेगर घालून मळा, परत पातळ होईल, कारण आम्लात बोरेटचं बोरिक अॅसिड होतं आणि पूल सुटतात. टायरच्या रबराचं असं होत नाही. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये रबर गंधकासोबत तापवलं, त्यात होणारे गंधकाचे पूल पक्के सहसंयुज बंध (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेले) असतात, ते सहज सुटत नाहीत, म्हणून जुना टायर वितळवून पुन्हा ओतता येत नाही.

कपड्याला चिकटलं तर व्हिनेगर लावून धुवा, आणि उरलेला गोळा कचऱ्यातच टाका, सिंकमध्ये गेला तर पाइप तुंबेल.