तिसरीत जाणारं मूल आणि उन्हाळ्याची सुट्टी: या चुका टाळा

मे महिन्यातच तिसरीची पुस्तकं आणून पहिल्या धड्यापासून शिकवायला बसणं, ही सगळ्यात मोठी चूक. तिसरीत मूल अडतं ते दुसरीतलं कच्चं राहिल्यामुळे. आधी दोन गोष्टी करायला सांगा: ५२ वजा २७, आणि ‘एकशे दोन’ अंकांत लिही.

वजाबाकीचं उत्तर ३५ आलं, तर त्यानं ७ मधून २ काढलेत. ‘मोठ्यातून लहान वजा’ एवढंच डोक्यात बसलंय. आणखी वीस गणितं दिलीत तर तीच चूक वीसदा घोटली जाईल. त्याऐवजी तुराट्यांचे (तुरीच्या वाळक्या काड्यांचे) बोटभर तुकडे करा. दहा-दहाचे पाच गठ्ठे रबरानं बांधा, दोन तुकडे सुटे ठेवा आणि म्हणा, ‘यातले २७ दे.’ सुटे सात नाहीत, म्हणजे एक गठ्ठा सोडावाच लागतो. उरले चार गठ्ठे, बारा सुटे. चार-पाच दिवस हे हातानं झालं की मग वही काढा.

‘एकशे दोन’चे १००२ झाले, तर ऐकलं तसं लिहिलंय: शंभर, पुढे दोन. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा, १०० ची तीन चौकोनांची आणि २ ची एका चौकोनाची. उजवी कड जुळवून छोटी पट्टी मोठीवर ठेवली की शेवटचं शून्य झाकून १०२ दिसतं.

भाषेत आपल्या खानदेशाची चूक वेगळीच. घरात अहिराणी असेल तर मूल ‘शाळा’ला ‘शाया’, ‘पाणी’ला ‘पानी’ लिहितं. त्यावर रागावू नका. त्याचा कान बरोबर आहे, तो घरचंच ऐकतो. ‘अशुद्ध बोलू नको’ म्हटलं की मूल बोलायचंच थांबतं, मग लिहिणार काय? ‘मनं घर शे’ आणि ‘माझं घर आहे’, दोन्ही शेजारी लिहून दाखवा. ‘माळ-माय’, ‘मण-मन’ अशा जोड्या बोलून घ्या. ळ म्हणताना जिभेचं टोक वर वळून टाळूला लागतं, ते आरशात बघू द्या. रोज पाचच शब्द द्या आणि प्रत्येकासाठी सांगा: आधी बघ, मग झाक, लिही, शेवटी ताडून पाहा. चुकलेला शब्द दहादा उतरवायला लावणं व्यर्थ आहे.

दुपारी अभ्यासाला बसवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तिथं मोठ्यांचंही डोकं चालत नाही. सकाळी सात ते साडेसात, वीस मिनिटं गणित आणि दहा मिनिटं मोठ्यानं वाचन, पुरे.

पाढे फक्त ओळीनं म्हणवून घेऊ नका, मधूनच ‘सात सक?’ विचारा.

तिसरीच्या परिसर अभ्यासात आपला जिल्हा येतो. तालुके घोकून घेण्यापेक्षा (जळगावचे १५, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६) मामाच्या गावाला जाताना स्टँडवर एसटीच्या पाट्या त्यालाच वाचू द्या.