छोट्या एटीआर विमानानं निघण्याआधी: तयारीची यादी

तिकीट काढताना विमान कोणतं आहे, हे आपण सहसा बघत नाही. पण जळगाव, सोलापूर, कोल्हापूर, सिंधुदुर्ग अशा ठिकाणी जाणार असाल तर ते बघा. तिथे ‘एटीआर’ लिहिलेलं असेल, तर विमान पंख्याचं, सत्तर-अठ्ठ्याहत्तर आसनांचं आहे. यात घाबरण्यासारखं काहीच नाही. मात्र मोठ्या विमानाच्या सवयीनं निघालात, तर बॅग, वेळ आणि पायऱ्या या तीन गोष्टींत अडचण होते. घरच्या म्हाताऱ्या माणसांना पहिल्यांदाच विमानात बसवणार असाल, तर खालचं सगळं त्यांना आदल्या दिवशी शांतपणे सांगून ठेवा. अनोळखी आवाजाचं कारण आधी कळलेलं असलं की माणूस निम्मा निर्धास्त होतो.

सगळ्यात आधी मार्ग चालू आहे ना, ते बघा. यातले बरेच मार्ग केंद्राच्या ‘उडान’ योजनेतून सुरू झाले. २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला–दिल्ली या पहिल्या उड्डाणाबरोबरच नांदेड–हैदराबाद मार्गही सुरू झाला होता. या योजनेत कंपनीला मिळणारं अनुदान साधारण तीन वर्षांचं असतं. ते संपलं की काही मार्ग बंद होतात, काहींचे वार बदलतात. त्यामुळे गेल्या वर्षी कुणी गेलं होतं, यावर विसंबू नका. आठवड्यातून किती दिवस विमान आहे, हे पाहूनच परतीची तारीख धरा.

वेळेचं गणित इथे जरा सैल ठेवावं लागतं. काही छोट्या धावपट्ट्यांवर रात्री उतरायची सोय नसते आणि काही ठिकाणी कमी दृश्यमानतेत उतरवण्याची यंत्रणा मोठ्या विमानतळांसारखी नसते. म्हणून कोकणात जून ते सप्टेंबर आणि देशावर थंडीतल्या धुक्याच्या सकाळी विमान उशिरा निघणं, परत फिरणं किंवा रद्द होणं जास्त घडतं. दुपारच्या विमानाला उशीर होत होत सूर्यास्त गाठला, तर ते रद्दच होऊ शकतं. हवामानामुळे रद्द झालं की पैसे परत किंवा दुसरं विमान मिळतं, नुकसानभरपाई मिळत नाही. मुंबईहून त्याच रात्री परदेशाचं विमान पकडायचं असेल, तर मी तरी आदल्या दिवशी मुंबईत पोहोचण्याचाच आग्रह धरेन. लग्न, परीक्षा, कोर्टाची तारीख असेल तेव्हाही तेच. कोल्हापूरला महालक्ष्मी एक्सप्रेस, सावंतवाडीकडे तुतारी किंवा कोकणकन्या, अशी पर्यायी गाडी आधीच बघून ठेवा. मुंबईत टर्मिनल एक आणि दोन एकमेकांपासून लांब आहेत, तेव्हा आपलं कोणतं ते तिकिटावर नीट वाचा.

आता बॅग. सगळ्यात जास्त गडबड हिच्यावरून होते. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे उथळ असतात. नेहमीची चाकांची केबिन बॅग बऱ्याचदा त्यात मावत नाही, मग कर्मचारी ती विमानाच्या पायऱ्यांपाशी घेतात आणि सामानाच्या कप्प्यात ठेवतात. त्यासाठी आधीपासून एक लहान कापडी पिशवी त्या बॅगेतच वरच्या बाजूला ठेवा. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या सामानाच्या कप्प्यात ठेवायला मनाई आहे, त्यामुळे बॅग हातातून जाण्याआधी त्या काढून घ्याव्याच लागतात. औषधं, इन्सुलिन, चष्मा, दागिने, पैसे, ओळखपत्र, लॅपटॉप हेही त्याच पिशवीत. डांबरावर उभं राहून, मागे रांग खोळंबलेली असताना बॅग उपसायची वेळ येऊ नये. शक्य असेल तर चाकांची बॅग टाळाच. पायाशी सरकवता येईल अशी मऊ पाठपिशवी या विमानाला सगळ्यात सोयीची.

चेक-इनच्या सामानाचं वजन घरीच करा. अनेक तिकिटांवर १५ किलोच चालतात. हापूसचा एक आंबा २५० ग्रॅमचा धरला, तर पाच डझनांची पेटी एकटीच तेवढी भरते. कोकणातून येताना लोकांचा जीव ज्यात अडकलेला असतो त्या वस्तूंचेही नियम आहेत. सुकं खोबरं पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडतं, ते हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. ते घरीच ठेवा, नाहीतर दुसऱ्या कुणाबरोबर रस्त्यानं पाठवा. मालवणी मसाला, तिखट, मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, ते चेक-इनमध्ये घाला. कोकमाच्या आगळाच्या बाटलीचं झाकण चिकटपट्टीनं बंद करून ती दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळा. आगळाचा डाग कपड्यांवरून जात नाही.

छोट्या विमानतळावर गर्दी कमी असते, म्हणून उशिरा गेलं तरी चालेल असं समजू नका. काउंटर बहुधा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. खाण्याची सोय जेमतेम असते, तेव्हा डबा बरोबर असू द्या. मोबाईलवरच्या चेहरा-ओळखीच्या सोयीवर विसंबू नका, मूळ ओळखपत्र घ्या.

विमानात चढायचं ते बहुतेक वेळा चालत किंवा बसनं जाऊन, आणि मागच्या दारानं. पायऱ्या मोजक्या पण अरुंद असतात. गुडघेदुखी असलेल्यांना एक हात कठड्यासाठी मोकळा हवा. चाकाची खुर्ची लागणार असेल तर ४८ तास आधी कंपनीला कळवा. एटीआर आहे, पायऱ्या चढता येत नाहीत, हे स्पष्ट शब्दांत सांगा. पावसाळ्यात पकड असलेल्या चपला घाला. पंखा थांबलेला दिसला तरी त्याच्याजवळ जाऊ नका, आखलेल्या वाटेनंच चाला आणि लहान मुलांचा हात सोडू नका. शेपटीखाली एक खांब टेकवलेला दिसेल. लोक मागून चढतात तेव्हा मागचा भार वाढतो, त्यासाठी तो आधार असतो. कधीकधी उजव्या बाजूचं इंजिन चालू असतं पण त्याचा पंखा मात्र थांबवून ठेवलेला असतो. उभ्या विमानाला वीज आणि हवा मिळावी म्हणून ही योजना आहे, बिघाड नव्हे.

जागा निवडताना माझा सल्ला मागची घ्या असाच आहे. पंखे पुढच्या भागाच्या बाजूला येतात, तिथे आवाज आणि थरथर जास्त. मागे शांत असतं, स्वच्छतागृह जवळ असतं आणि उतरताना पहिला नंबर लागतो. हिसके कमी हवे असतील तर पंखांखालची मधली जागा बरी. रांगेत दोन-दोनच आसनं असल्यानं मधलं आसन हा प्रकारच नाही. पंख छताच्या पातळीला असतात, त्यामुळे खालचं सगळं दिसतं. मुंबईहून दक्षिणेला निघालात तर समुद्र उजवीकडे आणि सह्याद्री डावीकडे. माझं मत विचाराल तर खिडकीसाठी याहून चांगलं विमान नाही. दिलेली जागा मात्र आपल्या मनानं बदलू नका. प्रवासी थोडे असले की समतोलासाठी काहींना मागे-पुढे बसवतात. कर्मचाऱ्यांनी सांगितलं तर उठा, वाद घालू नका.

मे महिन्यात उभ्या विमानात उकडतं, उड्डाणानंतर थंड होतं. सुती कपडे आणि एखादी हलकी शाल पुरे. वर चढल्यावर इंजिनाचा आवाज एकदम उतरतो. पुष्कळांच्या छातीत तेव्हा धस्स होतं, पण वैमानिकानं ताकद कमी केलेली असते, इतकंच. दोनपैकी एक इंजिन बंद पडलं तरी उडत राहता येईल, अशीच या विमानांची रचना असते. एटीआर जेटपेक्षा कमी उंचीवरून, ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. उन्हाळ्याच्या दुपारी घाटावर तापलेली हवा वर उसळते आणि विमान चांगलंच हलतं. म्हणून सकाळचं विमान घ्या, पट्टा सैल करू नका, पोट गच्च भरून बसू नका. मळमळ होणाऱ्यांनी आल्याची वडी आणि कापूस जवळ ठेवावा. उतरताना कान दडपतात, तेव्हा मोठ्यांनी गोळी चघळावी, बाळाला दूध पाजावं. टेकल्यावर पंखे मोठ्यानं घोंगावतात, ते वेग कमी करण्यासाठी.

उतरल्यावर रिक्षा, टॅक्सी मिळेलच असं नाही. सिंधुदुर्गाचं चिपीचं विमानतळ माळावर आहे, कुडाळ किंवा मालवणला जायला गाडी आधीच ठरवावी लागते. चालकाला विमानाचा क्रमांकही द्या, म्हणजे उशीर झाला तर त्याला कळेल. पायऱ्यांपाशी दिलेली बॅग तिथेच परत मिळणार की आत पट्ट्यावर, हे ती देतानाच विचारा आणि पावती जपून ठेवा.