रात्री झोप उडते? संध्याकाळच्या या चुका टाळा

दुपारी एकला डबा, पाचला टपरीवरचा चहा, साडेनऊला घर आणि दहाला ताट. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या कितीतरी जणांचा दिवस असाच जातो, आणि झोपेचा घोळ इथेच सुरू होतो. आठ-नऊ तास पोटात काही नसलं की हात आवरत नाही. तीनच्या जागी पाच पोळ्या होतात, वर भात, आणि अर्ध्या तासात आपण आडवे. आडवं झालं की जठरातलं आम्ल अन्ननलिकेत चढतं. माझं कित्येक वर्षं हेच चाललं होतं. रात्री दीडच्या सुमाराला घशाशी आंबट पाणी यायचं आणि मी उशीवर उशी रचून बसून राहायची.

मला गुण आला तो संध्याकाळच्या खाण्याने. सहाला मूठभर फुटाणे नाहीतर एक केळं. पर्समध्ये फुटाण्यांची छोटी डबी असतेच. रात्री मग दोन पोळ्यांत पोट भरतं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्या. उशीर टळतच नसेल तर मुगाची खिचडी किंवा भाकरी-पालेभाजी घ्या. झणझणीत रस्सा रविवारी दुपारी. डाव्या कुशीवर झोपल्यानेही जळजळ कमी होते.

‘चहा पिऊनसुद्धा मला झोप लागते’ असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. झोप लागली तरी ती गाढ असेलच असं नाही. चारनंतरचा चहा महिनाभर सोडून बघा. दारूचंही तसंच: डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते.

वजन उतरवायला उपाशी झोपणं ही तर उलटी चूक. पोटात कावळे ओरडत असताना झोप येत नाही, आणि अपुरी झोप भूक वाढवते. 2004 साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 12 निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. त्यांच्यात भूक चेतवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढलं, तृप्तीची सूचना देणारं लेप्टिन हे हार्मोन घटलं, आणि ओढ वाढली ती गोड, खारट आणि पिठूळ खाण्याची. जागरणानंतर वडापाव समोर दिसला की पाय का थबकतात, ते यावरून समजतं.

मधुमेहाची औषधं चालू असतील तर रात्रीच्या जेवणात बदल डॉक्टरांना विचारूनच करा. मोठ्याने घोरणं किंवा श्वास कोंडून जाग येणं असेल, तर ताट बदलत बसू नका, तपासून घ्या.