कागद म्हणजे ताठ कापड नव्हे

पहिल्यांदा कागदाचं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर त्याच्या हालचालीची नक्कल, करायला घेतलं तेव्हा मी कापडाचाच कोड उचलला आणि त्यातले कण जोडणाऱ्या स्प्रिंगा दहापट ताठ केल्या. पाचव्या-सहाव्या फ्रेमला कागद फुटला आणि त्याचे त्रिकोण स्क्रीनबाहेर उधळले. स्प्रिंग जितकी ताठ, तितकं वेळेचं पाऊल (दोन हिशोबांमधला वेळ) लहान लागतं. नाहीतर दर पावलाला ती मूळ जागेच्या पलीकडे जाते आणि ऊर्जा वाढतच राहते.

म्हणून आधी कापड नीट जमवा. ३० बाय ३० कणांची जाळी घ्या. आडवे-उभे शेजारी जोडले की ताण सांभाळला जातो. तिरके जोडले की चौकोन कलत नाहीत. एक कण सोडून पुढच्याला जोडलं की वाकण्याला थोडा विरोध येतो. प्रत्येक कणाची आत्ताची आणि मागची जागा जपून ठेवा. दोन्हींतला फरक हाच वेग, त्याला ०.९९ने गुणा, गुरुत्वाकर्षण गुणिले पावलाचा वर्ग मिळवा, झाली नवी जागा. याला व्हर्ले पद्धत म्हणतात. मग प्रत्येक जोडीतलं अंतर मूळ लांबीवर आणा, दोघांना अर्धं-अर्धं सरकवून. टाचलेला कोपरा हलवायचा नाही, सगळी दुरुस्ती दुसऱ्याच्या गळ्यात.

इथे बरेच जण एकाच पावलात ही दुरुस्ती दहा वेळा करतात. त्यापेक्षा एका फ्रेमच्या १/६० सेकंदाचेच दहा तुकडे करा आणि प्रत्येकात ती एकदाच करा. खर्च साधारण तेवढाच, पण कापड रबरासारखं लोंबत नाही. आणि मापं मीटरमध्ये ठेवा. दोन मीटरचा रुमाल ९.८१च्या गुरुत्वाकर्षणाने पाडलात तर तो चादरीसारखा संथच पडणार; मग डॅम्पिंगला (वेग कमी करणाऱ्या त्या ०.९९ला) शिव्या घालत बसू नका.

आता कागद. एक ए४ घ्या, ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम), वजन जेमतेम ५ ग्रॅम. एका कडेला धरा: दुसरी कड मान टाकते. आता धरलेल्या कडेला पन्हळीसारखा किंचित बाक द्या. तोच कागद ताठ उभा राहतो! कागद जवळजवळ ताणला जात नाही, त्यामुळे एका दिशेला वाकला की दुसऱ्या दिशेला वाकायची सोयच उरत नाही. हे सिम्युलेशनमध्ये दिसायला हवं असेल, तर वाकण्याच्या त्या स्प्रिंगा, म्हणजे एक कण सोडून केलेल्या जोडण्या, काढून टाका, जाळीचे त्रिकोण पाडा आणि शेजारच्या दोन त्रिकोणांमधला कोन मोजून त्यावर बल लावा. जाळीही वेडीवाकडी घ्या. एकसारख्या त्रिकोणांच्या जाळीत सगळ्या मोडी कर्णावरच पडतात, आणि हे लपवता येत नाही, मी करून पाहिलंय.

घडीची आठवण ठेवणं सोपं आहे. कोन ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की त्याचा ‘आरामाचा’ कोन त्या दिशेला सरकवा. पूर्ण नको, खरा कागद घडी सोडल्यावर थोडा उघडतोच.

हवा विसरलात तर कागद थाळीसारखा पडेल. प्रत्येक त्रिकोणाच्या वेगाचा त्याच्या लंबाच्या दिशेतला भाग काढा, क्षेत्रफळाने गुणा आणि तेवढं बल उलट दिशेने लावा. सुरुवातीला कागद तीन-चार अंश कलता ठेवा. अगदी सपाट सोडलात तर तो सपाटच खाली येईल, आणि तुम्ही माझ्यासारखी अर्धी दुपार हवेच्या सूत्रात चूक शोधत बसाल.