हशाला जागा ठेवा : हौशी विनोदी नाटक बसवताना या चुका टाळा

पहिल्या वाचनाला सगळे पोट धरून हसतात. दुसऱ्या अंकापर्यंत चहा गार होऊन जातो आणि कुणाला त्याचं भानही नसतं. मग तालमींचा चौथा आठवडा येतो. तीच वाक्यं, तीच माणसं, पण खोलीत कुणी हसत नाही. हसणार कसं? सगळ्यांना सगळं पाठ झालेलं असतं. हौशी ग्रुपची सर्वांत महागात पडणारी चूक नेमकी इथे होते. नाटकातला विनोद संपला असं वाटून दिग्दर्शक घाबरतो आणि भर घालायला लागतो. एकाला तोतरं बोलायला लावतो, दुसऱ्याला धडपडायला लावतो, कुणी व्हॉट्सअॅपवर आलेला विनोद संवादात घुसवतो. प्रयोगाच्या दिवशी मूळ नाटक कुठे आहे ते शोधावं लागतं.

मी मुलुंडच्या एका हौशी ग्रुपबरोबर बरीच वर्षं आहे. आधी प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे विंगेत, मंचाच्या आडोशाला उभं राहून नटाला विसरलेलं वाक्य सांगायचं काम, मग बॅकस्टेज, आता दिग्दर्शन करतो. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली. विनोदी नाटकात प्रेक्षकांचा हशा हे एक पात्र असतं आणि ते तालमीला येत नाही. त्याची जागा आपल्याला रिकामी ठेवावी लागते.

त्यासाठी आम्ही दोन गोष्टी करतो. तिसऱ्या आठवड्यापासून दर शनिवारी नाटक अजिबात माहीत नसलेली दोन-तीन माणसं तालमीला बसवतो. दर वेळी नवीन, कारण एकदा पाहिलेला माणूस पुढच्या वेळी आपल्यातलाच होतो. दुसरी गोष्ट, जिथे हशा अपेक्षित आहे तिथे प्रॉम्प्टर टाळ्या वाजवतो. कधी दोन सेकंद, कधी पाच, कधी मुद्दामच नाही. नटाला आयत्या वेळी थांबायची आणि न थांबता पुढे जायची, अशा दोन्ही सवयी लागतात.

हशात बोलायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण हशा पूर्ण विरेपर्यंत थांबणं हीसुद्धा चूकच. मग नाटकाची हवा जाते आणि प्रत्येक वाक्य नव्याने ढकलावं लागतं. हशा लाटेसारखा चढतो, टोकाला जातो आणि उतरायला लागतो. उतरायला लागला की बोला. पुढच्या वाक्याचा पहिला शब्द असा ठेवा की तो वाहून गेला तरी बिघडत नाही. 'अहो', 'बरं', 'म्हणजे', 'अगं ऐक' अशा शब्दांची आपल्याकडे काही कमी नाही. आणि थांबलेल्या नटाने पुतळा होऊ नये, प्रेक्षकांकडे तर बघूच नये. चष्मा पुसत असेल तर पुसत राहावं. ज्याला आपण अडचणीत आहोत हे कळलंय, तो माणूस हसणाऱ्यांची वाट बघत उभा राहत नाही.

खरं तर अभिनयातल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. नट विनोद करायला जातो. पात्राला मात्र आपण विनोदी आहोत याचा पत्ताच नसतो. घरमालक दारात उभा आहे, भाडं दिलेलं नाही, बाथरूममध्ये सासरे लपलेत. त्या जावयासाठी हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. तो जितका मनापासून घाबरेल तितके लोक जास्त हसतील. तोंडं वेडीवाकडी केली तर पहिल्या पाच मिनिटांत दोन लाफ्टर मिळतात आणि उरलेला अंक हातचा जातो.

प्रॉम्प्टर आणि पॉज

त्याच जावयाच्या नाटकातली गोष्ट. जावई बाथरूमचं दार उघडतो, आत सासऱ्यांना बघतो, दार लावून घेतो आणि घरमालकाकडे वळतो. मनात तीन मोजतो, मग शांतपणे म्हणतो, "पाणी गेलंय." आमच्या पहिल्या प्रयोगात नट वळला, थांबला आणि विंगेतून स्पष्ट आवाज आला, "पाणी गेलंय." पहिल्या दोन रांगांनी तो ऐकला. मागून नटाने तेच म्हटलं तेव्हा तिथे काहीच उरलं नव्हतं. प्रॉम्प्टर मी होतो. नट वाक्य विसरला असं मला प्रामाणिकपणे वाटलं होतं, कारण माझ्या संहितेत पॉजची खूणच नव्हती. तेव्हापासून आमच्या प्रॉम्प्टिंगच्या प्रतीत प्रत्येक पॉज लाल पेनाने आणि तालमीतल्या मोजणीसह लिहिलेला असतो. प्रॉम्प्टर शेवटच्या आठवड्यात आणू नका. तो पहिल्या दिवसापासून हवा.

वाक्यातला शेवटचा शब्द

"तुमच्या बाथरूममध्ये माझे सासरे आहेत" आणि "तुमच्या बाथरूममध्ये जे आहेत ना, ते माझे सासरे." दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात लोक 'सासरे' वर हसायला लागतात आणि 'आहेत' त्या हशात अडकतं. दुसऱ्यात 'सासरे' हा शब्द शेवटी येतो आणि मागे मोकळी जागा असते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, पण शब्द हलवायची मुभाही मराठी देते. तिचा उपयोग करा, मात्र लेखकाला विचारून. शिवाय त्या शब्दावर मंचावर दुसरं कुणीही हलता कामा नये. बाजूच्याने नेमकं तेव्हाच कप ठेवला की लोकांची नजर कपाकडे जाते.

दार

फार्स, म्हणजे गैरसमज आणि धावपळीचं विनोदी नाटक, दारांवर चालतो आणि हौशी नाटकात दार सर्वांत शेवटी येतं. तालमीत नट हवेत कडी काढतात. प्रयोगाला खरं दार मिळतं, ते भलत्याच बाजूला उघडतं, नट त्याच्यामागे झाकला जातो आणि दार आपटलं की अख्खी भिंत हलते. भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड किंवा प्लायचा फ्लॅट. त्याला मागून तिरका आधार आणि त्यावर वजन हवंच. बिजागरी अशा बाजूला लावा की दार उघडल्यावर येणाऱ्याचा चेहरा प्रेक्षकांना दिसेल. नेपथ्य तयार नसेल तर तालमीच्या खोलीचंच दार वापरा, पण हाताला खरी कडी लागू द्या. कप, छत्री, पिशवी, सगळ्या प्रॉपर्टीचं तसंच. आमच्याकडे एक छत्री थेट प्रयोगातच पहिल्यांदा उघडली गेली आणि मिटेचना.

तालमीची खोली आणि नाट्यगृह यांच्या मापातला फरकही आधी बघून ठेवा. शिवाजी मंदिर, दीनानाथ, प्रबोधनकार ठाकरे, कालिदास, मुंबईतल्या प्रत्येक नाट्यगृहाचा मंच वेगळा. आधी एकदा जाऊन टेपने मोजा आणि तेच माप तालमीच्या फरशीवर खडूने आखा. चार पावलांची एन्ट्री नऊ पावलांची झाली तर टायमिंग कोलमडतं. नाट्यगृह सत्रावर मिळतं. सेट लावणं, लाइट लावणं, प्रयोग आणि सेट उतरवणं, सगळं त्यातच. पुढच्या नाटकाचा टेम्पो दारात उभा असतो, त्यामुळे सेट किती वेळात उभा राहतो हे घड्याळ लावून आधी करून बघा.

सोसायटीच्या गणपतीत करणार असाल तर

तिथे शत्रू वेगळे. पत्र्यावर किंवा ताडपत्रीवर पावसाची सर आली की पुटपुटलेलं एकही वाक्य पोचत नाही. कथेला आवश्यक माहिती देणारी दोन-तीनच वाक्यं असतात. सर ओसरल्यावर ती वाक्यं पुन्हा कशी आणायची हे नटांना आधीच ठरवून द्या. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो. उत्सवातल्या ठरावीक दिवशी १२ पर्यंत सवलत मिळते, आपला दिवस त्यात येतो का ते मंडळाला विचारा. बक्षीस समारंभ लांबला म्हणून दुसरा अंक कापावा लागलेले ग्रुप मी पाहिलेत. समारंभ नाटकानंतर घ्या. आणि खुर्च्या विरळ मांडू नका. हशा शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातो, मध्ये रिकाम्या खुर्च्या असल्या की तिथेच थांबतो. दोनशे खुर्च्या आणि ऐंशी माणसं असतील तर मागच्या रांगांना दोरी बांधा.

नाट्यगृहातही पहिली दहा मिनिटं लोक बॅटरीच्या उजेडात जागा शोधत असतात. कुणाची लोकल चुकलेली असते, कुणी पार्किंगमध्ये अडकलेलं असतं. कथेची किल्ली त्या दहा मिनिटांत एकदाच देऊ नका, पुढे पुन्हा एकदा येऊ द्या.

प्रकाशयोजनेत फार अडकू नका. विनोदाला चेहरे दिसावे लागतात. एका खुर्चीवर निळा स्पॉट टाकून काही साधत नाही, आणि लांबलेला ब्लॅकआउट तर जमवलेली सगळी हवा घालवतो.

उसनी मालवणी

नोकर दाखवायचा म्हणून त्याला मालवणी बोलायला लावणं ही जुनी खोड आहे. लालबाग-परळच्या प्रेक्षकांत निम्मं कोकण बसलेलं असतं. त्यांना पहिल्या वाक्यात कळतं की याला फक्त 'खंय' आणि 'इलंय' येतं. बोलीवर प्रेम असेल तर ती ज्याच्या घरात बोलली जाते त्याला ते काम द्या, नाहीतर त्याला तालमीला बसवून प्रत्येक वाक्य दुरुस्त करून घ्या. आणि बोली हाच विनोद असं समजू नका. त्या माणसाने काहीतरी हुशारीचं बोललं पाहिजे.

कागदपत्रं

लेखकाची लेखी परवानगी सर्वांत आधी घ्या. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे लेखक हयात नसतील तर वारसांना विचारावं लागतं. अनुवादित नाटक असेल तर अनुवादकालाही आणि मूळ लेखकाच्या बाजूलाही. तिकीट नसलेल्या हौशी प्रयोगाला कायद्यात सूट आहे, तरीही लेखकाला कळवा आणि जमेल ते मानधन द्या. त्याच्या शब्दांवर आपण उभे असतो. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र तारखेच्या बऱ्याच आधी मिळवा, आणि ते मंजूर संहितेला मिळतं हे लक्षात ठेवा. आयत्या वेळच्या अॅडिशन्स त्यात नसतात.

तालमींच्या वेळापत्रकात रविवार धरला असेल तर मेगाब्लॉक बघून धरा. बदलापूरहून येणारी नायिका आणि विरारहून येणारा खलनायक एकाच वेळी पोचणार नाहीत. त्या दोघांचे प्रवेश शेवटी ठेवा.

पहिल्या प्रयोगाला पाचव्या रांगेत कुणाच्या तरी मांडीवर मोबाईल ठेवून फक्त आवाज रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी संहिता पुढे घेऊन ऐका आणि जिथे हशा आला तिथे खूण करा. जिथे यायला हवा होता पण आला नाही, तिथे आधी मागची दोन वाक्यं तपासा. बहुतेक वेळा विनोद ठीक असतो, त्याची तयारी करणारं वाक्यच ऐकू आलेलं नसतं. ते बरोबर असेल तर त्या क्षणी कोण हलत होतं ते बघा. तेही नसेल तर शेवटच्या शब्दाकडे या. एका जागी एका वेळी एकच बदल करा, नाहीतर पुढच्या प्रयोगाला हशा आला तरी तो कशामुळे आला ते कळणार नाही. बदल प्रॉम्प्टरच्या प्रतीत उतरवा, तारीख घाला आणि मगच नटाला सांगा.