शाळूचा खडखड्या: फवारणीची वाट बघू नका, पेरणीलाच बंदोबस्त करा

शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या पेरणीची गडबड आता सुरू होईल, १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हाच आपल्या सोलापूरकडं खरा टाइम, म्हणून खडखड्याचं, म्हणजे बुरशीनं खोड आतनं पोकळ होऊन ताट आडवं पडतं त्या रोगाचं, आत्ताच सांगून ठेवतो. दाणे भरताना ताटं पडायला लागली की मग दुकानात पळायचं आणि मिळेल ते औषध मारायचं, याचा काही उपयोग होत नाही. बुरशी जमिनीतली, मुळातनं खोडात शिरलेली, वरनं मारलेलं तिथपर्यंत पोचतच नाही, ते पैसे वाचवा.

ओळखायचं असेल तर अवेळी वाळून आडवं झालेलं ताट घ्या आणि बुडाकडनं उभं चिरा. आतला भेंड गेलेला, नुसते धागे उरलेले आणि त्या धाग्यांवर बारीक काळी पूड, बोटाला काजळागत लागते. तीच बुरशी धसकटातनं, म्हणजे कापणीनंतर रानात उरलेल्या बुडख्यातनं, जमिनीत जाऊन पडून राहते.

ती बऱ्याच रानात असतेच, पण फुलोऱ्यापासनं दाणे भरेपर्यंत पिकाला पाण्याचा ताण बसला आणि रान तापलं की जोर धरते. म्हणून सगळा खेळ ओलीचा. बी एकरी ४ किलोच्या वर नको, दोन ओळीत ४५ सेंमी ठेवा आणि विरळणी कराच. कडबा वाढावा म्हणून दाट पेरणारे लई जण आहेत, पण दाट ताटं एकमेकांचं पाणी ओढतात आणि शेवटी कडबा पण जातो दाणा पण जातो. युरियाचा मारा सुद्धा नको.

कोळपण्या तीन, तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. शेवटची दातेरी कोळप्यानं करा, भेगा बुजतात आणि ओल आत राहते, ही चुकवू नका. विहिरीला एकच पाणी असेल तर पोटरीत, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात असताना द्या, दुसरं जमलं तर फुलोऱ्यात.

बियाला किलोमागं ४ ग्रॅम ३०० मेश (एकदम बारीक) गंधक लावाच, पण ते काणीसाठी, म्हणजे कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी होते त्या रोगासाठी, खडखड्याला त्याचा आधार धरू नका. भारी रानात फुले वसुधा ही जात घ्या, ती खडखड्याला बरी टिकते, हलक्या रानात फुले अनुराधा. आणि फेरपालट म्हणून हरभरा घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा, त्याची कोरडी मूळकूज हीच बुरशी करते, त्यामुळं नुसत्या फेरपालटीवर विसंबून चालत नाही. ज्या रानात गेल्या साली ताटं पडली तिथली धसकटं पेरणीआधी वेचून बाहेर काढा.