उपकार मोघम नको, नेमका सांगा

रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत ‘प्रभू, सगळ्यासाठी तुझे आभार’ एवढ्यावर थांबू नका. बायबलमधले स्तोत्र 136 उघडा. त्यात 26 वचने आहेत आणि प्रत्येकाचे पालुपद एकच: त्याची दया सनातन आहे. स्तोत्रकर्ता सूर्य-चंद्र, तांबडा समुद्र, अगदी सीहोन आणि ओग या राजांची नावेही सांगतो. मग 25व्या वचनात रोजच्या अन्नावर येतो. मला हे फार मोलाचे वाटते.

घरातल्या प्रत्येकाने आजचा एक उपकार सांगावा: ‘आईची साखर आटोक्यात आली’, ‘थकलेला पगार जमा झाला’. बाकीच्यांनी पालुपद म्हणावे. मुलांना आधी बोलू द्या. दिवस वाईट गेला असेल, तर मागचा एखादा उपकार आठवून सांगा.